मित्रांमधल्या पैजांसाठी अ‍ॅप: लोकांशी बोलून काय कळलं, आणि तुमचं मत हवंय

मुळाकाठची | शुक्रवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात युजर रिसर्चचं काम करते. अ‍ॅप बनवायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसांना भेटायचं, ती आत्ता काय करतात ते समजून घ्यायचं आणि डिझाइन करणाऱ्यांना त्या माणसांची बाजू सांगायची, असं हे काम.

मधली दोन वर्षं मी एका अमेरिकी ग्राहकासाठी 'सोशल स्पोर्ट्स बेटिंग' अ‍ॅपच्या कामावर होते. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या बेटिंगला आडवा येणारा केंद्रीय कायदा रद्द ठरवला. तेव्हापासून तिथलं प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. म्हणजे तिथे ते काम रीतसर होतं. तरी मी ते सोडलं. का सोडलं तेही लिहिते, आणि आता काय करतेय तेही.

तिकडच्या लोकांच्या मुलाखती आमच्या रात्री व्हिडिओ कॉलवर व्हायच्या. प्रश्न नीट जमलेत का हे पाहायला मी आधी इथेच, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांशी बोलायचे. नारायण पेठ, कसबा, चिंचवड, हडपसर. ही नुसती तालीम होती, अहवालात जाणार नव्हती. पण मला जे कळलं ते मुख्यतः त्या तालमीतूनच.

पहिली गोष्ट शब्दांची. "तुम्ही सट्टा खेळता का?" असं विचारलं की समोरचा मान हलवून नाही म्हणायचा. दहा मिनिटांनी तोच माणूस आपण कुठली मॅच कुणाशी लावली ते रंगवून सांगायचा. मी म्हटलं, "मग हा सट्टा नाही का?" तर म्हणाला, "छे हो, ही पैज!" हा फरक मला एकाने नाही, जवळजवळ प्रत्येकाने सांगितला. पैज ओळखीच्या माणसाशी लागते आणि सट्टा अनोळखी माणसाकडे. पैज हरलात तर दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघावं लागतं, आणि गंमत त्यातच असते. सट्टा हरलात तर तोंड लपवावं लागतं.

दुसरी गोष्ट वहीची. कसब्यात सहा मित्र आहेत, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपपासूनची. तारीख, सामना, कोण काय म्हणालं, पैज कशाची, आणि दोन सह्या. पैसे कुठेच नाहीत. मिसळ, दोन कटिंग, आठवडाभर दुसऱ्याची गाडी पुसणं, दिवाळीच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर पिशव्या धरायला जाणं. फायनलच्या पानावर शेवटच्या षटकाआधी कुणीतरी घाईत खरडलंय, "मिसबाह आहे तोवर काही खरं नाही." त्याखाली वेगळ्या अक्षरात निकाल. पानं चाळताना लक्षात आलं की फेडलेल्या मिसळींपेक्षा बाकी असलेल्या जास्त आहेत. मी विचारलं, वसूल का करत नाही? एकजण म्हणाला की सगळं फिटलं तर रविवारी जमायचं कशासाठी.

तसंच एका घरात कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाच्या हिशोबाशेजारी बापलेकाच्या पैजा लिहिलेल्या सापडल्या. 'दीड लि.' आणि त्याच्याखाली 'बाबा – मुंबई हरणार'.

आता ते काम का सोडलं ते. आम्ही तिकडच्या काही लोकांना तीन आठवडे रोज चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. जिंकल्याच्या दिवशी पानभर मजकूर यायचा, स्क्रीनशॉटसकट. हरल्याच्या दिवशी काहीच नाही. सुरुवातीला आम्ही ते रिकामे दिवस 'प्रतिसाद नाही' म्हणून बाजूला काढले. मग एकदा निकालांचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा कळलं की तो प्रतिसाद नसणं हाच प्रतिसाद होता. अ‍ॅपमधली 'मित्रांची भिंत'ही अशीच भरायची. तिथे सगळे जिंकतच असायचे, कारण हरलेला गप्प. ती भिंत बघून नवीन माणसाला वाटायचं की मी सोडून सगळ्यांना जमतंय.

आणि त्या भिंतीवर ग्राहकाला एक बटण हवं होतं: मित्राची पैज एका टिचकीत आपणही उचलायची. सगळ्यात जास्त उचलल्या जायच्या त्या साखळी पैजा, म्हणजे चार निकाल एकत्र बांधायचे आणि चारही बरोबर आले तरच पैसे. तिकडे साधी पैज साधारण ११० डॉलर लावून १०० जिंकायची असते. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या शक्यतेच्या चार गोष्टींची साखळी जिंकली तर लावलेल्याच्या सुमारे १३.३ पट मिळतात. खरा भाव १६ पट असायला हवा. एका पैजेत शंभरातले साडेचार जातात, साखळीत सतरा. मैत्रीचा उपयोग त्या सतरापर्यंत माणसाला पोहोचवायला होत होता. मी हे लिहून दिलं. "निरीक्षण चांगलं आहे" असं उत्तर आलं आणि बटण तसंच गेलं.

आता दोन मैत्रिणींबरोबर त्या वहीसारखं काहीतरी बनवतेय. पैसा नाही, बाहेरचा माणूस नाही, फक्त आपला कट्टा. कोण काय म्हणालं त्याची नोंद. तुमच्या घरात, ऑफिसात, सोसायटीत पैजा कशा लागतात? आणि यात मला काय दिसत नाहीये?

---

कोथरूड_डेपो | शुक्रवार, रात्री ११.०५

मीही याच क्षेत्रातला. रिकाम्या दिवसांची गोष्ट फार मोलाची आहे, आमच्याकडे तो डेटा सरळ गाळला गेला असता.

दोन शंका. ओळखीच्यांच्या ओळखीतून माणसं घेतलीत म्हणजे सगळे एकाच मुशीतले येणार. पेठेतल्या सहा मित्रांची वही गोड आहे, पण ती पुण्याची पैज नव्हे. हिंजवडीत तीन जणांत खोली घेऊन राहणारा, नांदेडहून आलेला मुलगा कुणाशी पैज लावतो? त्याला रविवारचा कट्टाच नसतो. दुसरं, लोक बुकीबद्दल बोलायला लागले तेव्हा काय केलंत? ते बेकायदेशीर आहे, आणि रेकॉर्डिंग तुमच्या लॅपटॉपवर.

---

मुळाकाठची | शुक्रवार, रात्री ११.३०

दुसऱ्याचं उत्तर आधी. विषय तिकडे वळला की मी रेकॉर्डर त्यांच्यासमोर बंद करायचे आणि नाव, नंबर, रक्कम यातलं काहीही लिहायचे नाही. फक्त रीत लिहायची. बोलायच्या आधीच सांगायचे की कुठल्याही प्रश्नाला 'पुढे चला' म्हणता येईल. दोघांनी नंतर फोन करून 'तो भाग काढा' म्हटलं, मी पानंच फाडली.

प्रश्नांबद्दलही सांगते. "असं अ‍ॅप आलं तर वापराल का?" हे मी कधीच विचारत नाही. पुण्यात पाहुण्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, म्हणून सगळे हो म्हणतात. "शेवटची पैज कुठली लागली, तेव्हा कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, हरल्यावर पहिलं वाक्य काय बोललात?" असं विचारलं की माणूस त्या दिवसात जातो.

पहिली शंका बरोबर आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही. हिंजवडी, वाकड भागातले चार-पाच जण मला हवेत.

---

काळाकोट | शनिवार, सकाळी ८.१५

वकिली करतो, म्हणून तेवढंच सांगतो.

भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ३०: पैजेचा करार निरर्थक, कोर्टात वसुली होत नाही. घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याला द्यायच्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या वर्गणीला तेवढा अपवाद आहे. त्यामुळे तुमच्या कसब्यातल्या बाकी मिसळी तशाही कोर्टातून मिळणार नाहीत. आपल्या राज्यात जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा. 'बेटिंग आणि जुगार' हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय, नोंद ३४.

आता महत्त्वाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, कौशल्याचा असो वा नशिबाचा, हा जुना वादच बाजूला ठेवला. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

तुमचं अ‍ॅप 'ऑनलाइन सोशल गेम' या खान्यात बसवायला हवं. त्यात वर्गणी किंवा एकरकमी प्रवेशशुल्क घेता येतं, पण ते पैजेच्या रूपात नको. आणि इथे लोक फसतात: कायद्यातल्या 'इतर पणा'त (पण म्हणजे पणाला लावलेली गोष्ट) पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट हे सगळं येतं. तेव्हा नाणी विकू नका, नाण्यांचं कूपन करू नका, हरलेल्याकडून यूपीआयनं मिसळीचे पैसे घ्यायची सोय तर अजिबात नको. प्रत्यक्ष बांधायला घ्याल तेव्हा कागद घेऊन कुणा वकिलासमोर बसा, धाग्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

आणखी एक. सोसायटीच्या कट्ट्यावर मुलं असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

---

गहुंजे_ईस्ट_स्टँड | शनिवार, सकाळी ९.४०

मी थोडा विरोधात बोलतो. पैसा नसेल तर कुणी डोकं लावत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे फुकटात भाकीत करतात, "भारत जिंकणार", संपलं. ज्या दिवशी शंभर-शंभर रुपये काढले त्या दिवशी लोक खेळपट्टी बघायला लागले, नाणेफेकीची वाट बघायला लागले. मी मैदानावर जाऊन क्रिकेट बघणारा माणूस आहे. शंभर रुपयांनी मी न्यूझीलंडच्या फिरकी गोलंदाजांची नावं पाठ केली, एरवी केली नसती. त्यात वाईट काय?

---

पर्वतीपायथा | शनिवार, सकाळी ११.००

गहुंजे, डोकं लावायला काहीतरी पणाला लागावं लागतं हे मान्य. पण ते पैसेच असावेत असं नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

साधं भाकीत कंटाळवाणं होतं कारण त्यात खात्री किती ते सांगायची जागाच नसते. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला एक रीत सुचवली. तुम्ही ८० टक्के म्हणालात आणि ती गोष्ट घडली, तर चूक ०.२ चा वर्ग, ०.०४. घडली नाही, तर ०.८ चा वर्ग, ०.६४. चूक जितकी कमी तितकं चांगलं.

कट्ट्यासाठी हेच उलटं करून मांडता येतं. ५० टक्के म्हणालात तर शून्य गुण. ६० म्हणून बरोबर आलात तर ९ मिळतात, चुकलात तर ११ जातात. ७० ला १६ आणि २४. ८० ला २१ आणि ३९. ९० ला २४ आणि ५६. शंभर टक्के म्हणालात तर मिळणार २५ आणि जाणार ७५! या आकड्यांची खुबी अशी की मनात जितकी खात्री आहे तितकीच सांगणं हेच सगळ्यात फायद्याचं ठरतं. फुगवूनही तोटा, दबूनही तोटा. याउलट 'एकास एक' नाण्यांच्या पैजेत जरा जास्त खात्री वाटली की सगळं लावावंसं वाटतं.

आणि पुण्याला याचा अनुभव आहे. गहुंज्याच्या मैदानावर भारतानं तीन कसोट्या खेळल्या. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धावांनी हार, स्टीव्ह ओकीफचे १२ बळी. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेवर डावानं विजय, कोहली नाबाद २५४. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडकडून ११३ धावांनी हार, सँटनरचे १३ बळी, आणि बारा वर्षांनी मायदेशात मालिका गेली. दर वेळी 'शंभर टक्के भारत' म्हणणारा २५ मिळवून १५० घालवून बसला असता. ६० म्हणणारा फक्त १३ नं खाली.

---

गहुंजे_ईस्ट_स्टँड | शनिवार, सकाळी ११.२०

२०२४ ला मी स्टँडात होतो. शंभर टक्केवालाच होतो. हे गुण मला आवडले, खरंच.

---

मुळाकाठची | शनिवार, दुपारी १२.१०

पर्वतीपायथा, हे आम्ही कागदावर करून पाहिलं होतं, एक अडचण आली. लोकांना टक्के बोलता येत नाहीत. 'शंभर टक्के' हा आपल्याकडे आकडा नाही, तो होकार आहे. "येतोस का?" "शंभर टक्के!" आणि माणूस येत नाही. '७० टक्के' असं तर कट्ट्यावर कुणीच म्हणत नाही.

मग लोकांची स्वतःची बोली टिपली. 'वाटतंय', 'बहुतेक', 'नक्की', 'लिहून घे', आणि सगळ्यात वर 'पैजेवर सांगतो'. कागदाच्या पट्ट्यांवर हे शब्द लिहून क्रम लावायला दिले, तर क्रम बहुतेकांचा हाच आला. आता तुमचे ६०, ७०, ८०, ९०, १०० या पाच पट्ट्यांना लावून बघणार. आकडे आत राहतील, बाहेर शब्द. 'पैजेवर सांगतो' म्हणून तोंडावर पडलं की ७५ जातील, हे मात्र आधी स्पष्ट दाखवलं पाहिजे.

---

रेसकोर्सकाका | शनिवार, दुपारी ४.३०

वय ७१. कॅम्पातल्या रेसकोर्सवर पावसाळी मोसमात कित्येक वर्षं जात होतो. पुण्याचा मोसम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मग घोडे मुंबईला जातात. तिथे टोट असते. म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पिशवीत, त्यातून आधी ठरावीक कपात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. तुम्ही कुणा एका माणसाशी लढत नाही, सगळ्या जमावाच्या मताशी लढता. बुकमेकरचं वेगळं, तो भाव आधी बांधून देतो.

मला सांगायचंय ते खिशाचं. मी घरून निघताना ठरलेली रक्कम डाव्या खिशात ठेवायचो आणि बसचे पैसे उजव्या. डावा रिकामा झाला की पुढच्या शर्यती नुसत्या बघायच्या. त्यातही आनंद होता, घोडा पॅडॉकमध्ये फिरताना बघण्यात तर सगळ्यात जास्त. आणि शर्यत संपली, पुढची अर्ध्या तासानं. त्या अर्ध्या तासात माणूस चहा पितो, शेजाऱ्याशी बोलतो, भानावर येतो.

माझ्या भाच्याच्या फोनमध्ये मी ते एक पैशांचं अ‍ॅप पाहिलं होतं, बंदी यायच्या आधी. प्रत्येक चेंडूवर काही ना काही. डावा खिसा, उजवा खिसा, बँकेतला पगार, सगळं एकाच जागी. मधला अर्धा तास कुठेच नाही. ताई, तुम्ही पैसा काढलात ते उत्तम, पण तो अर्धा तासही परत आणा. सामन्याला एकदाच काय ते बोलू द्या.

---

तालीमवाला | शनिवार, सायंकाळी ७.००

आमच्याकडे गावच्या जत्रेत कुस्ती लागली की बघणारे आपसात पैज लावायच्या ऐवजी पैलवानावर इनाम लावतात. "या जोडीला माझे पाचशे!" असं माइकवरून पुकारलं जातं. पैसे लढणाऱ्याला जातात, नाव देणाऱ्याचं होतं. पुण्यात असं काही जमलं तर बघा: हरलेल्यानं कोपऱ्यावरच्या तालमीत पोरांच्या खुराकाला दूध द्यायचं.

---

काळाकोट | शनिवार, सायंकाळी ७.२५

कल्पना सुंदर. पण दूध हातानं नेऊन द्या, अ‍ॅपमधून नको.

---

धाकटी_बहीण | शनिवार, रात्री ११.५०

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

माझा दादा. आयटीत होता, पगार चांगला. सुरुवात मित्रांबरोबर अ‍ॅपवर टीम लावण्यापासून झाली, म्हणजे सामन्यातले खेळाडू निवडून त्यांच्यावर पैसे लावायचे, ४९ रुपये. आम्ही सगळे हसायचो, आईसुद्धा विचारायची, "आज किती जिंकलास रे?" मग तो एकटाच कुठल्या तरी बाहेरच्या साइटवर गेला. गेलेले परत मिळवायचे म्हणून आणखी लावायचा, हे आम्हाला नंतर कळलं. घरात आम्हाला फक्त तो चिडचिडा झालेला दिसायचा. सामना चालू असताना फोन उलटा ठेवायचा. जेवताना बाथरूममध्ये जायचा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांचे फोन वहिनीला यायला लागले त्या दिवशी सगळं उघड झालं.

आता तो उपचार घेतोय. तिथल्या बाईंनी त्याला नऊ प्रश्न विचारले होते. झेपणार नाही इतकं लावलंस का, तोच थरार यायला रक्कम वाढवावी लागली का, गेलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत गेलास का, कर्ज काढलंस का, कुणी तुला टोकलं का, अपराधी वाटलं का, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आठ किंवा जास्त आले तर धोक्याची पातळी. त्याचे कितीतरी वर होते. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, दारूच्या व्यसनाच्याच खान्यात आता डॉक्टर तो मोजतात. आईला ते वाक्य ऐकून पहिल्यांदा रडू आलं, कारण तोवर ती त्याला बेजबाबदार म्हणत होती.

ताई, तुमचं काम मला मनापासून चांगलं वाटतंय. पण तुम्ही सगळ्या मुलाखती खेळणाऱ्यांच्या घेतल्यात. माझ्या वहिनीला कुणी काही विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर पहिली खूण तिने सांगितली असती: फोन उलटा. तुमच्या त्या रिकाम्या दिवसांत घरात काय चाललं होतं, ते तो माणूस कधीच लिहिणार नाही. त्याच्या बायकोला माहीत असतं.

आणि पैसा काढला म्हणजे सगळं निघालं असं समजू नका. दादाचा समुपदेशक सांगतो की पहिल्या वर्षी त्याने फुकटातलीही टीम लावू नये. हात तिथेच वळतो.

इथे कुणाच्या घरी असं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आम्ही पहिला फोन तिथेच केला.

---

कोथरूड_डेपो | रविवार, सकाळी ७.४०

हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे खरोखर आभार. 'युजर' म्हणजे फोन हातात धरणारा, असं आम्ही मानून चालतो. शेजारी बसलेल्या माणसासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नसतो.

---

मुळाकाठची | रविवार, सकाळी ९.१५

धाकटी बहीण, तुझी पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही. मी नवऱ्यांना, भावांना, मुलांना "शेजारी कोण होतं" विचारलं, आणि त्या शेजारच्या माणसाकडे वळून बघितलं नाही. कालनिर्णयवाल्या घरात आई स्वयंपाकघरात होती. तिनेच मला ते कॅलेंडर काढून दाखवलं, आणि मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. तो कागद माझ्याकडे आहे, ती बाई माझ्या नोंदींत नाही.

पुढचा टप्पा बदलतेय. आधी घरातल्यांशी बोलायचं. खेळणाऱ्याच्या समोर नाही, वेगळं, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि 'त्याच्याबद्दल तक्रार सांगा' असा सूर नको. सामन्याच्या दिवशी घर कसं असतं, जेवण किती वाजता होतं, कोण कुठे बसतं, इतकंच.

डिझाइनमध्ये आजच तीन गोष्टी काढल्या. सलग किती दिवस खेळलात ती मोजणी काढली, कारण ती न खेळलेल्या दिवसाची शिक्षा आहे. 'तुमचे मित्र खेळतायत' ही सूचना काढली. सगळ्या शहराची क्रमवारी काढली, आता कट्टा फक्त स्वतःलाच दिसेल. काकांचा अर्धा तासही घेतला: सामन्याला एकच बोलणं, तेही आधी. चेंडूगणिक काही नाही. हरलेली नोंद लपवता येणार नाही आणि जिंकलेली बाहेर पाठवता येणार नाही, त्यामुळे भिंत एका बाजूला कलणार नाही असं वाटतंय. हे कागदावर ठीक दिसतं, प्रत्यक्षात बघावं लागेल.

'आता नको' असं एक दारही हवं. माणसानं कट्टा सोडला तर बाकीच्यांना "अमुक बाहेर पडला" असं कळू नये. नुसतं त्याचं नाव शांतपणे यादीतून जावं. हे तुझ्या दादाला एकदा विचारशील का? त्याला बोलावंसं वाटलं तरच.

---

धाकटी_बहीण | रविवार, सकाळी १०.३०

विचारलं. तो म्हणाला, दार असू दे, पण ते शोधावं लागू नये. त्याने एका साइटवर खातं बंद करायचं बटण चाळीस मिनिटं शोधलं होतं, आणि तेवढ्यात पुढचा सामना सुरू झाला.

वहिनी बोलायला तयार आहे. बुधवारी दुपारी, ती शाळेतून आल्यावर.

---

गहुंजे_ईस्ट_स्टँड | रविवार, दुपारी १.००

माझं शंभर रुपयांचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण ऑफिसच्या ग्रुपवर ते मी सुरू केलं होतं हे आज आठवतंय. बावीस जण आहेत, त्यातले चारच मला नीट माहीत आहेत. बाकीच्या अठरांच्या घरी काय आहे मला ठाऊक नाही. यंदा पट्ट्यांवर करून बघतो. वाकडमध्ये राहतो, मुलाखतीला मी आणि माझे दोन रूममेट चालतील का?

---

मुळाकाठची | रविवार, दुपारी १.२०

चालतील म्हणजे काय, हवेच आहात. संपर्कातून निरोप पाठवते.

---

वहीतला_चौथा | रविवार, रात्री ९.४५

ताई, ती वही आमची. मुलीने धागा दाखवला. आमचं इतकं कौतुक वाचून बरं वाटलं, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आम्ही सहाजण आज त्यावर बोललो. वही आहे तशीच राहणार, ती मोबाइलमध्ये जाणार नाही. पण आमच्यातला एक मागच्या वर्षी मुलाकडे बंगळुरूला गेला. तो रविवारी फोनवर असतो, पण वहीत सही करू शकत नाही, म्हणून त्याच्या नावाचं पान कोरं जातंय. त्याच्यासाठी तुमचं अ‍ॅप आम्ही वापरू.

आमच्या अटी तेवढ्या सांगतो. नाणेफेक झाली की कुणालाही आपलं म्हणणं बदलता येऊ नये. खोडायचं असेल तर खाडाखोड दिसली पाहिजे, आमच्या वहीत दिसते. मिसळ फिटली की नाही हे अ‍ॅपनं विचारू नये, ते आम्ही बघून घेऊ. आणि वहीत सह्या दोन असतात. एक बोलणाऱ्याची, दुसरी ऐकणाऱ्याची. ती दुसरी सही विसरू नका. ऐकणारा नसेल तर नोंदच होऊ देऊ नका.